एकतर्फी जिव्हाळा

दूरचित्रवाणीवरच्या मालिका मी आवडीने पाहते, हे चार शिकल्यासवरल्या माणसांत सांगताना आवाज थोडा खाली आणावा लागतो, असा माझा जुना अनुभव आहे. कादंबरी रात्रभर जागून वाचली म्हणून कोणी कमीपणा मानत नाही. संगीत नाटकांच्या आठवणी काढताना तर माणसे हातवारे करू लागतात. मालिकेचे तसे नाही. ती जाता-येता पाहायची असते, आणि विषय निघालाच तर "घरात लावतात, म्हणून कानावर पडते," असे म्हणायचे असते. हा संकेत मी पाळत नाही. मी मालिका पाहते, त्यांतली काही माणसे मला अतिशय आवडतात, आणि त्यांचे काही वाईट झाले की माझ्या जिवाला लागते.

या आवडीची तरफदारी करण्यासाठी मी हा लेख लिहीत नाही. मालिका पुष्कळदा सुमार असतात, पाणी घालून वाढवलेल्या असतात, एका वाक्यासरशी तीनदा वीज कडाडते आणि घरातल्या सर्वांचे चेहरे एकामागून एक दाखवले जातात, हे मलाही दिसते. परंतु मालिका चांगल्या की वाईट हा अभिरुचीचा प्रश्न झाला. माझा प्रश्न निराळा आहे. जी माणसे नाहीत, कधी नव्हती, ज्यांना माझे अस्तित्वही ठाऊक असण्याचा संभव नाही, त्यांच्यावर माझा जीव जडतो. या जीव जडण्याला प्रेम म्हणावे काय? आणि म्हणायचे ठरवले, तर असल्या प्रेमाने माणूस सुधारतो, बिघडतो, की नुसताच वेळ घालवतो?

ही माणसे कोण, ते आधी सांगितले पाहिजे. नाहीतर चर्चा हवेत राहील. मुंबईचे दूरदर्शन केंद्र १९७२ च्या ऑक्टोबरात सुरू झाले, आणि त्याच दशकाच्या अखेरीस चिं. वि. जोशींचा चिमणराव काळ्या-पांढऱ्या पडद्यावर आमच्या घरी आला. दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले होते आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. पुढे ७ जुलै १९८४ रोजी 'हम लोग' सुरू झाली. मनोहर श्याम जोशींनी लिहिलेल्या त्या हिंदी मालिकेतल्या बडकी, मझली, छुटकी या बहिणी वर्ष-दीड वर्ष आमच्या घरातल्याच झाल्या होत्या. १९९९ मध्ये अल्फा मराठी वाहिनीवर 'आभाळमाया' आली आणि सुकन्या कुलकर्णींनी उभी केलेली सुधा जोशी भेटली. २००१ मध्ये 'श्रीयुत गंगाधर टिपरे' सुरू झाली आणि आबा भेटले. त्यानंतरही पुष्कळ माणसे आली. पण या चौघांची नावे घेतली की मला माझ्या नात्यागोत्यातल्या माणसांची नावे घेतल्यासारखे वाटते. त्या वाटण्याचे करायचे काय, हाच माझा प्रश्न आहे.

मी महाविद्यालयात संस्कृत शिकवीत असे. 'हम लोग' चालू होती त्या दिवसांत रससिद्धान्ताचा तास संपल्यावर एक मुलगी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "बाई, काल बडकीचे पाहून मला रडू आले, तो कोणता रस?" मुलगी थट्टा करीत नव्हती. तिला खरोखरच हवे होते ते उत्तर मी त्या वेळी पुस्तकाच्या आधाराने दिले. प्रश्न मात्र तेवढ्याने मिटला नाही. तो माझ्यापाशी राहिला, आणि मालिका पाहता पाहता मी त्याचा अधूनमधून विचार करीत आले आहे.

खोट्या माणसासाठी खरे अश्रू कसे येतात, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. भरताच्या रससूत्राचा अर्थ लावताना आचार्यांनी त्याच्याशी झुंज घेतली. शंकुकाने चित्रातल्या घोड्याचे उदाहरण दिले. चित्रातला घोडा पाहून आपण "घोडा" म्हणतो. तो खरा आहे असे आपण समजत नाही, खोटा आहे असेही समजत नाही. तो घोडा आहे की नाही असा संशय आपल्याला नसतो, आणि घोड्यासारखे काहीतरी आहे असेही आपण म्हणत नाही. या चारींहून वेगळे असे ते ज्ञान आहे. भट्टनायकाने आणि अभिनवगुप्ताने त्यापुढे जाऊन साधारणीकरणाची कल्पना मांडली. रंगभूमीवरचे दुःख अमक्या माणसाचे राहत नाही, माझेही राहत नाही. ते कोणाचेच न उरल्यामुळे सर्वांना आस्वाद्य होते. आपल्याकडे न. चिं. केळकरांनी याच अनुभवाला सविकल्प समाधी म्हटले. पाश्चात्त्यांतही हा वाद अजून मिटलेला नाही. कॉलिन रॅडफर्ड या इंग्रज तत्त्वज्ञाने १९७५ मध्ये ॲना कॅरेनिनाच्या निमित्ताने तो नव्याने उकरून काढला. जी बाई नाही हे आपल्याला पक्के माहीत आहे, तिच्याबद्दल कळवळा वाटणे हे विसंगत आहे, आणि तरीही आपण सगळे तसेच वागतो, असा त्याचा निष्कर्ष होता.

हे सर्व मला मान्य आहे. पण यातले काहीच बडकीला लागू पडत नाही. अभिनवगुप्ताने रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतले एक विघ्न म्हणजे प्रेक्षक आपल्याच सुखदुःखात बुडालेला असणे. घरची चिंता डोक्यात घेऊन आलेल्या माणसाला रस चाखता येत नाही. म्हणून नाट्यगृह सजवायचे, वाद्ये वाजवायची, गाणे आणि नृत्य योजायचे, म्हणजे त्याला घराचा विसर पडेल. मालिका याच्या नेमके उलट करते. ती घराचा विसर पडूच देत नाही, कारण ती घरातच येऊन बसते. कुकरच्या शिट्ट्या मोजत, मुलाच्या उत्तरपत्रिकेवर सही करत, दारावर आलेल्या इस्त्रीवाल्याशी बोलत आपण सुधा जोशीच्या संसारात काय चालले आहे ते पाहतो. तिच्या नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आली, हे दुःख साधारण होऊन आपल्यापर्यंत येत नाही. ते सुधाचेच असते. शेजारच्या बिऱ्हाडातले दुःख भिंतीपलीकडून कळावे, तसे ते कळते.

म्हणून मला वाटते, त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर रसांच्या यादीत शोधायचे नाही. मालिकेतल्या माणसाविषयी जे वाटते ते रसास्वादाच्या जातीचे नाही, सहवासाच्या जातीचे आहे.

सहवासाचा स्वभावच वेगळा. नाटकात माणूस तीन तासांत आपल्याला जिंकतो. सहवासात जिंकणे नसतेच. रोज ठरल्या वेळी तेच माणूस दिसते, काल बोलले त्याहून फारसे वेगळे काही बोलत नाही, आणि एके दिवशी आपल्या लक्षात येते की त्याच्यावाचून चुकल्यासारखे होते. कादंबरीत लेखक कामाचे तेवढे सांगतो. मालिकेत बिनकामाचे पुष्कळ असते. कोणी कोथिंबीर निवडत बसलेले असते, कोणी चष्मा शोधत असते, चहा होतो, चहा पिऊन होतो. समीक्षक याला पाल्हाळ म्हणतात, आणि कलाकृतीच्या दृष्टीने तो पाल्हाळच आहे. पण ज्या माणसांवर आपण आयुष्यात प्रेम केले, ती आपल्याला कामाच्या प्रसंगांपेक्षा असल्या बिनकामाच्या प्रसंगांतूनच कळलेली असतात. आपली आई आपल्याला आठवते ती काही आयुष्याच्या निर्णायक क्षणी नव्हे, तर भाजी निवडताना. तेव्हा मालिकेचा जो दोष, त्याच दोषावर हे प्रेम पोसले जाते, असे म्हणावे लागते.

सहवासाबरोबर काळही येतो. ज्या प्रभावळकरांनी आमच्या तरुणपणी चिमणराव रंगवला, तेच वीस-बावीस वर्षांनी आबा टिपरे होऊन आले. त्या वेळी त्यांनी स्वतः साठीही गाठलेली नव्हती. पण त्यांचा तो म्हातारा पाहताना, आपणही या वाटेला लागलो आहोत, हे माझ्या पिढीच्या अनेकांना प्रथमच सौम्यपणे कळले असेल. ई टीव्ही मराठीवरची 'चार दिवस सासूचे' २००१ पासून २०१३ पर्यंत चालली. तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. एवढ्या अवधीत घरात जन्मलेले मूल सातवीत जाते. एवढा काळ रोज भेटणाऱ्या माणसाला केवळ पात्र म्हणणे, व्याकरणाने बरोबर असले तरी अनुभवाला धरून होत नाही. मार्च २०२० मध्ये साथीमुळे चित्रीकरणे थांबली आणि जुलैपर्यंत नवे भाग आले नाहीत, तेव्हा घराघरांत जी रुखरुख दिसली ती करमणूक बंद पडल्याची नव्हती. करमणुकीला जुने भाग होतेच, दूरदर्शनवर १९८७-८८ चे 'रामायण'ही पुन्हा लागले होते. रुखरुख होती ती गावाला गेलेल्या माणसांचे पत्र न आल्याची.

आता कोणी म्हणेल, हे प्रेम त्या नटावर असते, पात्रावर नव्हे. यावर एक साधा पुरावा आहे. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' या हिंदी मालिकेतला मिहिर अमर उपाध्यायने रंगवला, मग इंदरकुमारने आणि मग रोनित रॉयने. चेहरा दोनदा बदलला, आवाज बदलला, तरी प्रेक्षकांच्या लेखी मिहिर तोच राहिला. आरंभी दोन-चार दिवस कुरकुर झाली असेल. नव्या सुनेचे नाव बदलल्यावर होते तेवढीच. नटावरचे प्रेम असते, तर ते पहिल्या नटाबरोबर निघून गेले असते. प्रेक्षक ज्याला धरून राहिले तो चेहरा नव्हता; आपण इतके दिवस ज्याची हकिकत ठेवली ते माणूस होते.

१९५६ मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी या नात्याला शास्त्रीय नाव दिले. पडद्यावरचा माणूस आपल्याशीच बोलतो आहे, असा समोरासमोरच्या ओळखीचा आभास तयार होतो आणि नाते सर्वस्वी एका बाजूचे राहते, असे त्यांचे म्हणणे. त्यांना ही नव्या यंत्राची करामत वाटली. मला तसे वाटत नाही. आपल्याकडे बायका पहाटे जात्यावर बसून सीतेच्या वनवासाच्या ओव्या म्हणत. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत सीता वारंवार येते. त्या सीतेला देव्हाऱ्यात बसवलेले नाही. तिला सासुरवास आहे, तिचे अंथरूण-पांघरूण काय, तिचे बाळंतपण कोण करील, याची दळणारीला काळजी आहे. सीतेने त्या बाईकडे कधी वळून पाहिले नव्हते. नाते एकतर्फीच होते. पण त्या एकतर्फी नात्यात दळणारीने आपले जे दुःख कोणापाशी बोलता आले नसते, ते दुसरीचे म्हणून बोलून घेतले. यंत्र नवे असेल; गरज जात्याइतकी जुनी आहे.

ही गरज कोणती? आपल्यावर कोणी प्रेम करावे, ही माणसाची गरज आहे, असे आपण नेहमी म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक बाई राहतात. टपाल खात्यातून निवृत्त झाल्या, यजमान गेले, मुलगा परदेशी असतो. सायंकाळी साडेसहापासून रात्री दहापर्यंत त्यांच्या घरात मालिका चालू असतात. मी एकदा त्यांना विचारले, "तुम्हांला या माणसांत एवढे काय सापडते?" त्या म्हणाल्या, "अहो बाई, त्या घरात माझी कोणी वाट पाहत नाही, हे मला समजते. पण मी त्यांची पाहते. माणसाला कोणाची तरी वाट पाहायला लागते." या उत्तरावर मी पुष्कळ विचार केला आहे. ज्याची कोणी वाट पाहत नाही तो एकटा, हे आपण जाणतो. पण ज्याला वाट पाहायला कोणी उरले नाही, तो त्याहून एकटा असतो. प्रेम मिळणे बंद झाले तरी माणूस तगतो. प्रेम करायला जागाच उरली नाही, तर तो आतून वाळतो. त्या बाईंना मालिकेने ती जागा दिली. हे प्रेम खोटे आहे, असे म्हणण्याचा अधिकार मला कोणाला द्यावासा वाटत नाही.

पण याच घरातून त्या प्रेमाविरुद्धचा सर्वांत जड पुरावाही मिळतो. त्यांचा मुलगा दर रविवारी फोन करतो, आणि विषय निघाला की समाधानाने सांगतो, "आईला मालिका आहेत, तिचा वेळ छान जातो." मालिकेतली सून सासूचे पाय चेपते आणि खरा मुलगा निश्चिंत होतो. म्हणजे पडद्यावरच्या माणसांनी आपल्या वाटचे काम परस्पर उरकावे, अशी ही व्यवस्था झाली. दोष त्या बाईंकडे जात नाही, मालिकेकडेही जात नाही. तो, एकाकी माणसाची सोय लागली असे समजून जे आपला पाय मागे घेतात, त्यांच्याकडे जातो.

आणि प्रेक्षक म्हणून आपण सगळेच थोडेफार तसे नाही काय? १७५८ मध्ये जिनीव्हात नाटकगृह असावे की नसावे या वादात रूसोने नाटकावर हाच आरोप ठेवला होता. नाटकातल्या दुःखासाठी अश्रू गाळून आपण माणुसकीचे सगळे देणे फेडले असे माणसाला वाटते, आणि त्या अश्रूंसाठी त्याला पदरचे काहीच मोडावे लागत नाही. खऱ्या दुःखी माणसाला मदत, वेळ, कष्ट द्यावे लागतात. नाटकातला दुःखी फक्त अश्रूंवर समाधान मानतो. रूसोचा हा आरोप मालिकेवर दसपटीने बसतो, कारण नाटक वर्षातून चारदा पाहायचे, मालिका रोज.

मी या आरोपापुढे मान तुकवते, पण त्यातला हिशेब मला मान्य नाही. मनातला कळवळा ही पेटीतली रोकड आहे, इकडे खर्च केली की तिकडे कमी पडेल, असा तो हिशेब आहे. माझ्या मते कळवळा विहिरीच्या पाण्यासारखा आहे. उपसा नसला की झरे बुजतात. उपसा असला की ते मोकळे राहतात. ज्या शेतकऱ्याने मोट हाकली आहे त्याला हे सांगावे लागत नाही. पण त्यालाच दुसरीही गोष्ट ठाऊक असते. उपसलेले पाणी पाटाला लागले पाहिजे. ते विहिरीच्या काठावरच ओतत राहिले तर पीक येत नाही, नुसता चिखल होतो. रूसोने चिखल पाहिला आणि विहीरच बुजवायला सांगितली. प्रश्न पाट काढण्याचा होता.

पाट काढणे म्हणजे काय, हे सांगण्याआधी या प्रेमाची एक विकृती पाहिली पाहिजे, कारण ती आपल्या खऱ्या प्रेमातही असते आणि इथे ती उघडी दिसते. 'क्योंकि'च्या पहिल्या वर्षातच मिहिर मरण पावल्याचे दाखवले गेले. प्रेक्षकांनी एवढा आकांत केला की त्याला परत आणावे लागले. याहून जुने उदाहरण शेरलॉक होम्सचे. कॉनन डॉइलने १८९३ मध्ये त्याला मारले आणि वाचकांच्या रोषापुढे १९०३ मध्ये तो जिवंत परतला. हे प्रेमाचे विजय म्हणून सांगितले जातात. मला त्यांत प्रेमाचा पराभवच अधिक दिसतो. ज्याला आपण मरूही देत नाही, चुकूही देत नाही, त्याच्यावर आपण प्रेम करतो की त्याला बाळगतो? खलनायिकेचे काम करणाऱ्या नट्यांना बाजारात बोलणी खावी लागतात, तेही याच वृत्तीचे दुसरे टोक. आपल्या लाडक्या माणसाला छळणारे कोणी जगात असूच नये, असा हा हट्ट. निळू फुले यांना मराठी चित्रपटांतल्या पाटलाच्या भूमिकांमुळे खेड्यापाड्यांतल्या बायका खरोखरीच बिचकत, आणि प्रत्यक्षात ते राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारात वाढलेले, सामाजिक कामाला वाहून घेतलेले गृहस्थ होते.

आता तर या हट्टाची मोजदाद होते. कोणत्या प्रसंगाला किती घरांतून डोळे लागले, याचे आकडे आठवड्याच्या आठवड्याला येतात आणि त्या आकड्यांप्रमाणे पात्रांचे स्वभाव वळवले जातात. कालची मानी मुलगी आज रडकी होते, कारण रडणे अधिक पाहिले गेले. याचा दोष आपण निर्मात्यांना देतो. पण ते आपल्याला हवे तेच देत असतात, आणि नेमकी तिथेच गोष्ट बिघडते. पूर्णपणे आपल्या मनाप्रमाणे वागणारे माणूस हे माणूस राहत नाही. ते आपल्याच इच्छेचे बाहुले होते, आणि बाहुल्यावर फार दिवस जीव राहत नाही. आपण मागितले ते सगळे मिळाले आणि ज्याच्यासाठी मागितले तेच हरवले, असा हा व्यवहार आहे. घरातल्या मुलांच्या बाबतीत, नवराबायकोच्या बाबतीतही तो होताना मी पाहिला आहे.

याच्या उलट एक गोष्ट 'हम लोग'च्या बाबतीत घडली. ती मालिका उपदेशासाठीच काढलेली होती. मेक्सिकोत मालिकांतून कुटुंबनियोजनाचा प्रचार झाला होता, त्या धर्तीवर तिची आखणी केली होती. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन दोन शब्द सांगत. तिच्यातली आई, भागवंती, सोसणारी, दबून राहणारी. स्त्रीने असे राहू नये, हे दाखवण्यासाठी ती योजली होती. पण ज्यांनी पुढे त्या मालिकेचा अभ्यास केला, त्यांना असे आढळले की अनेक प्रेक्षकांनी भागवंतीलाच आदर्श मानले होते. मालिकेच्या वाट्याला सुमारे चार लाख पत्रे आली. एवढ्या माणसांचे मन उपदेशाच्या दावणीला बांधून ठेवणे शक्य नव्हते. सुधारकांना याचे दुःख झाले असेल, आणि ते रास्तही होते. मला मात्र त्यात प्रेक्षकांचे अडाणीपण तेवढे दिसत नाही. त्यांनी भागवंतीत आपली आई पाहिली असेल. आणि आपली आई हे कोणाला टाळण्याचे उदाहरण वाटत नाही. उपदेश करणाऱ्याला पात्र हे साधन असते. प्रेम करणाऱ्याला ते कधीच साधन नसते. पण यातून एक इशाराही मिळतो. प्रेम केले म्हणजे न्याय कळला, असे होत नाही. भागवंतीवर जीव जडला म्हणून तिच्या सोसण्याला चांगले म्हणायचे कारण नव्हते. जीवही जडावा आणि तिला सोसावे लागू नये असेही वाटावे, हे दोन्ही एका मनात नांदवणे, हा या प्रेमाचा खरा अभ्यास आहे.

तर माझे उत्तर असे आहे. मालिकेतल्या माणसावरचे प्रेम खरे आहे, पण ते निम्मे आहे. खरे यासाठी की त्यात आपल्याला मिळवायचे काही नसते. सुधा जोशीकडून मला वारसा नको होता, आबांकडून शाबासकी नको होती. प्रत्यक्षातल्या माणसाकडे पाहताना आपला स्वार्थ, आपला जुना राग, आपला मान मध्ये येऊन उभा राहतो. पडद्यावरच्या माणसाकडे आपण निर्मळ नजरेने पाहू शकतो. दुसऱ्याकडे अशा नजरेने, वर्षानुवर्षे, न कंटाळता पाहता येणे ही लहान गोष्ट नाही. आणि निम्मे यासाठी की त्या माणसाला आपण दिसत नाही. सुधाने मला कधी जाब विचारला नाही. दमून आल्यावर तिच्यासाठी मला पुन्हा चूल पेटवावी लागली नाही, इस्पितळात रात्र काढावी लागली नाही, माझा शब्द तिला लागला म्हणून दुसऱ्या दिवशी तिची समजूत काढावी लागली नाही. ज्या प्रेमात आपण नाकारले जाऊ शकत नाही, त्यात आपली परीक्षाही होत नाही. उरलेला अर्धा भाग घराबाहेर, जिन्यावर, रस्त्यावर जाऊन पुरा करावा लागतो. पाट काढायचा तो तिथे.

मालिका संपते तेव्हा हे फार स्पष्ट होते. शुक्रवारी शेवटचा भाग होतो, सोमवारी त्याच वेळी त्याच जागी दुसरेच घर उभे राहते. त्या माणसांचे सुतक नाही, तेरावा नाही, त्यांच्या नावाने पान वाढणे नाही. इतकी वर्षे ज्यांची हकिकत ठेवली, त्यांचे देणे एका रात्रीत कोणाच्याच नावावर राहत नाही. मग त्या मायेचे होते काय? काही जण ती सोमवारच्या नव्या घरात ओततात. तेही समजण्यासारखे आहे. पण ती तशीच हातात घेऊन थोडा वेळ थांबता आले, तर तिला योग्य धनी सापडतो, असा माझा अनुभव आहे.

आबा टिपरे रात्री आपली रोजनिशी लिहीत. दिवसभर घरात जे म्हातारे गृहस्थ दोन-चार शब्द बोलत, कधी विनोद करत, कधी गप्प बसत, त्यांच्या आत केवढे चालले होते, ते त्या वहीतून आम्हांला कळे. घरातल्यांना ते तितके कळत नसे. ती मालिका संपून बरीच वर्षे झाली. अलीकडे बँकेत माझ्यापुढे रांगेत एक वृद्ध गृहस्थ असतात. खिडकीशी उभे राहून ते नोटा तीनदा मोजतात, पासबुक परत मागतात, नोंद झाली का ते पुन्हा विचारतात. मागची माणसे चुकचुकतात, कोणी घड्याळ पाहते. मला त्यांच्या घरी टेबलाच्या खणात एक वही असावी असे वाटते. म्हणून त्यांचे मोजून होईपर्यंत मी थांबते, आणि ते वळून, उशीर झाल्याबद्दल काही बोलू लागले, की सांगते, "सावकाश होऊ द्या, मला घाई नाही."

आता ते मला ओळखतात.